बाप माझा भाडेकरू

व्हय, मी माझ्या सख्ख्या बापाकडून खोलीचं भाडं घेतलं. दर महिन्याला, पहिल्या तारखेला, हात पुढं करून. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना इथंच पुस्तक मिटून तोंड वाकडं करायचं असेल त्यांनी करून घ्यावं. सोलापुरात आमच्या गल्लीत बऱ्याच जणांचं ते करून झालंय. विहारात पौर्णिमेला खीर वाटतात तेव्हा एखादी बाई माझ्या वाटीत पळी रिकामी करता करता माझ्याकडं अशी बघते की तिला विचारायचं असतं, बापाचा पैसा पचतो का गं तुला. पचतो की. चांगला पचतो. मी दुसरी वाटी मागून घेते.

लोकांच्या तोंडाला हात लावता येत नाही हे मला कळतं. पण माझ्या पाठच्या भावानं मला चारचौघांत कसाबीण म्हटलं, ते काही मी गिळणार नाही. म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. ते यांच्या पगारातून उभं राहिलं. हे, म्हणजे आमचे मालक, चादरीच्या कारखान्यात होते. स्वभावानं गरीब, कुणाला 'का' म्हणून विचारायचे नाहीत. पण अंगणाच्या कडेला जी तिसरी खोली आहे ती माझी. माझी म्हणजे माझ्या मशीनची. शाळेच्या गणवेशाचं काम सोलापुरात घरोघर चालतं. मी पडवीत बसून वर्षानुवर्षं कॉलरी, बाह्या, खिसे शिवत आले, कुठल्या कुठल्या राज्यातली पोरं माझ्या हातचे शर्ट घालून शाळेत गेली असतील, आणि त्या पैशातून मी ती खोली बांधली. गल्लीकडून वेगळं दार, आत ओटा, कोपऱ्यात मोरी, विजेचा मीटर वेगळा. नर्सिंग शिकणाऱ्या पोरी राहायच्या तिथं. त्यांच्या परीक्षा झाल्या की खोली रिकामी व्हायची आणि मी दाराला पुठ्ठा लटकवायची, 'खोली भाड्याने देणे आहे'. माझा नियम एकच, भाडं वेळेवर. त्यात मला हयगय चालत नाही.

आबा, माझे वडील, कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. आम्ही तिघं भावंडं क्वार्टरमध्ये वाढलो. मी सगळ्यांत मोठी, माझ्या पाठचे दोघं भाऊ. रिटायर व्हायच्या आधी आबांनी गावात जागा घेतली आणि सुट्टीच्या दिवशी त्यांनी आणि आईनं स्वतः विटा वाहून घर बांधलं. मग आई गेली. आईचा जलदान विधी उरकला, मांडव अजून निघाला नव्हता, तोवर थोरल्या भावानं माझ्यापुढं हक्कसोडीचा कागद ठेवला. लेकीनं माहेरच्या घरावरचा हक्क सोडायचा आणि भावांनी तिला साडी नेसवायची, ही आपल्याकडची रीत. न सोडणारीला माहेर राहत नाही, हीसुद्धा आपल्याकडचीच रीत. मी सही ठोकली. साडी जांभळी होती, पहिल्याच धुण्यात तिनं माझे दोन परकर जांभळे केले. आबांनी घर दोन्ही लेकांच्या नावावर केलं. म्हातारपणी बघणार तेच, असं सगळेच म्हणाले आणि आबाही म्हणाले.

बघायचं कसं, तर पाळीनं. थोरला पुण्यात, धाकटा कुर्डुवाडीत त्याच घरात. एक महिना आबा पुण्याला, एक महिना कुर्डुवाडीला. महिना संपला की थोरला त्यांना गाडीत बसवून द्यायचा आणि धाकटा स्टेशनवर उतरवून घ्यायचा. ट्रंक सोबत. पुढं दोन्ही सुनांचं फेब्रुवारीवरून वाजलं. एक आड एक महिना धरला की फेब्रुवारी कायम एकीच्याच वाट्याला येतो, आणि तो दिवसांनी तोकडा, म्हणजे दुसरीला वाटणार की हिला सूट मिळाली. हसू नका. त्यावरून माझ्या दोन्ही भावजया वर्षभर एकमेकींशी बोलल्या नाहीत, आणि ज्याच्यावरून हे चाललं होतं तो माणूस दोन्ही घरांत बसून ते ऐकत होता.

पुण्यात ते हॉलमधल्या सोफ्यावर झोपायचे, म्हणजे घरातल्या सगळ्यांचं टीव्ही बघून झाल्यावर. ट्रंक माळ्यावर. बनियन बदलायचं तर आधी सुनेला हाक मारून शिडी मागायची. कुर्डुवाडीला स्वतःच्या हातानं बांधलेल्या घरात पाहुण्यासारखं भिंतीला टेकून बसायचे. मी फोन केला आणि कसं काय आबा म्हणून विचारलं की म्हणायचे, शंटिंग चालू हाय. जन्म रेल्वेत गेलेला माणूस. ज्या डब्याला कुठंच जायचं नसतं त्याला इंजिन या रुळावरून त्या रुळावर ढकलत राहतं, त्याला शंटिंग म्हणतात. ते हे हसत म्हणायचे. मी फोन ठेवून रडायची, आणि रडून झालं की मला भयंकर राग यायचा.

मग तुम्ही विचाराल, बाई, एवढा कळवळा होता तर बापाला आपल्याकडं का नाही आणलंस. आणलं असतं की. ते येत नव्हते. आबांची एक जुनी शिस्त होती, लेकीच्या दारात रिकाम्या हातानं जायचं नाही. माझ्या लग्नापासून त्यांनी ती एकदाही मोडली नाही. येताना केळी नाहीतर शेंगा, जाताना माझ्या लेकीच्या मुठीत नोट. रात्री राहायची वेळ आलीच तर सकाळी उठून दळण आणून ठेवायचे, गळका नळ आवळायचे, आणि मग चहा घ्यायचे. लेकीच्या घरचा घास अंगावर ठेवायचा नाही. मी कितीदा भांडले, मी काय परकी आहे का म्हणून. ते म्हणायचे, परकी न्हाईस म्हणूनच की.

एका उन्हाळ्यात, दुपारी अंगाची लाही होत असताना, मी पडवीत मशीनवर बसले होते. गल्लीत कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं म्हणून मान वर केली, तर आबा. पायाशी ट्रंक. त्या रिकाम्या खोलीच्या दारापुढं उभे राहून ते पुठ्ठ्यावरची अक्षरं वाचत होते. ती पाळी कुर्डुवाडीची होती, पण गाडीतून ते कुर्डुवाडीला उतरलेच नव्हते. तसेच पुढं सोलापूरला आले होते. धाकटा स्टेशनवर वाट बघून घरी गेला, हे आम्हाला मागाहून कळलं.

मी धावत बाहेर गेले. ट्रंकेला हात घातला तर त्यांनी तिच्यावर पाय ठेवला.

"ही खोली रिकामी हाय का?"

"हाय की आबा. आधी आत या, पाणी प्या."

"भाडं किती?"

मी हसले. ते हसले नाहीत. कपाळावरून घाम गळत होता, धोतराचा सोगा धुळीनं भरला होता आणि माणूस खांबासारखा उभा.

"आदी भाडं सांग," म्हणाले. "मग पानी पितो."

मला तेव्हा काय कळलं ते शब्दांत सांगता येणार नाही, पण कळलं. पोरींना सांगायची तोच आकडा मी त्यांना सांगितला. एक पैसा कमी नाही. कमी सांगितला असता तर त्यांनी ट्रंक उचलून स्टेशन गाठलं असतं. आणि आबांनी काय करावं, तर घासाघीस केली. मोरीला फरशी नाही, पत्रा पश्चिमेकडून तापणार, एवढं भाडं कुर्डुवाडीत बंगल्याला पडत नाही. मला खरंच राग आला. माझ्या खोलीला नावं ठेवायची म्हणजे काय. शेवटी मी थोडी खाली उतरले, ते त्या उन्हात त्यांना भोवळ येईल या भीतीनं. त्यांनी बंडीच्या खिशातून आगाऊ भाडं काढून माझ्या हातात ठेवलं. मग आत आले, लागोपाठ दोन तांबे पाणी प्यायले, आणि कधी नव्हे ते माझ्या घरात पाय पसरून बसले.

त्यानंतर त्यांनी भाडेकरू म्हणून जो काही जाच केला, तसा नर्सिंगच्या पोरींनी कधी केला नाही. पहिल्याच आठवड्यात खोलीला चुना मारून दे म्हणाले. कडी सैल आहे, बदलून दे. मला हाक मारायची तर 'ओ मालकीणबाई'. आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्या दिवशी अख्खी गल्ली पिंपं घेऊन पळत असते. तिथंही ते माझ्या नळीशी येऊन उभे राहायचे, पाणीपट्टी भाड्यात धरलीय ना, मग भाडेकरूचं पिंप शेवटी का? स्वयंपाक स्वतः करायचे. भाकरी मात्र माझ्याकडून विकत. कडक भाकरीची चवड डब्यात भरून ठेवायचे आणि शेंगाचटणीशी दोन दिवस मोडून खायचे. एकदा शर्टांची ऑर्डर तुंबली म्हणून मी म्हटलं, आबा, बसा जरा, बटणं लावू लागा. तर चष्मा वर करून विचारतात, पीसला काय देतीस? फुकट काम भाडेकरू कशाला करील. दिले की मी पैसे. आणि एका बाहीचं बटण वाकडं लागलं होतं तर ते पीस परतसुद्धा केलं. जशास तसं.

पण त्या खोलीत माणूस बदलत गेला, ते मी रोज बघत होते. दाढी रोज होऊ लागली. नुसतं चौकापर्यंत जायचं असलं तरी दाराला कुलूप लावायचे, ओढून बघायचे, किल्ली सुतळीत ओवून गळ्यात घालायचे. एक किल्ली माझ्याकडं होती, पण न विचारता उघडायचं नाही अशी अट घातली होती आणि मी ती पाळत होते. वर्कशॉपमधले जुने दोस्त सोलापुरात होते, ते आता यायला लागले. आबा गल्लीच्या तोंडाशी उभे राहून त्यांना सांगायचे, या की, माज्या खोलीवर च्या घेऊ. माज्या खोलीवर. आई गेल्यापासून त्यांच्या तोंडून मी 'माझं' हा शब्द ऐकला नव्हता.

गल्लीला मात्र दिसलं ते एवढंच, की लेक बापाला भाडं लावते. बायका कुजबुजल्या, मग उघड बोलल्या. मी वर मान करून चालत राहिले. ज्याचं जळतं त्याला कळतं. पण आमच्या यांना ते सोसेना. कारखान्यात कुणीतरी टोमणा मारला असावा. एका महिन्यात मी भाडं घेऊन कपाटात ठेवलं, आणि यांनी ते मला न सांगता काढून घेतलं, आबा अंगणात दाढीला बसल्याचं बघून खुंटीवरच्या त्यांच्या बंडीच्या खिशात परत नेऊन ठेवलं. भला माणूस. भल्या माणसांनी केलेली घाण निस्तरायला जास्त वेळ लागतो.

संध्याकाळी मी आबांच्या दारावरून गेले तर ट्रंक खोलीच्या मधोमध उघडी. धोतरांच्या घड्या आत चालल्या होत्या. भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा गुंडाळलेलं. काय झालं म्हणून विचारलं. त्यांनी खिशातून त्या नोटा काढून ओट्यावर ठेवल्या.

"फुकट ऱ्हायाचं आसतं तर दोन लेक काय कमी होते मला?"

मी म्हटलं, आबा, हे माझं काम नाही. ते माझ्याकडं बघतही नव्हते. घड्या घालत घालत बोलत होते, आवाज अजिबात चढलेला नाही.

"पावण्याला कधी जानार म्हनून इचारता येतं, पोरी. मला समद्यांनी इचारलंय, तोंडानं न्हाय तर डोळ्यानं. भाडेकरूला कुनी इचारत न्हाय. भाडं दिलं की महिना त्याचा."

मी तिथून जी निघाले ती सरळ यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. काय बोलले ते इथं लिहीत नाही, हे अजून जिवंत आहेत आणि मला त्यांच्याबरोबरच राहायचं आहे. एवढंच सांगते, की बिचाऱ्यांना पायात चप्पल घालायलाही वेळ दिला नाही. जाऊन मागा म्हटलं. आता सांगा, आपल्याकडं जावई म्हणजे कोण. सासऱ्यानं त्याचे पाय धुवायचे, त्याला टॉवेल-टोपी करायची. आणि हा आबांचा जावईबापू अनवाणी सासऱ्याच्या उंबऱ्यात उभा राहून, मान खाली घालून म्हणतो, मामा, ह्या महिन्याचं भाडं द्यायचं राहिलंय तुमचं. आबांनी हातातलं धोतर खाली ठेवलं. मग ओट्यावरच्या नोटा उचलून त्यांच्या हातात दिल्या आणि म्हणाले, येळेवर मागत जावा. ट्रंक परत कॉटखाली गेली. मी आत येऊन तोंडात पदर कोंबून हसले, आणि हसता हसता मला रडू फुटलं.

ही गोष्ट पुण्याला पोचायला कितीसा वेळ लागणार. पुढच्याच रविवारी दोघं भाऊ दारात. नेमकं पाणी आलेलं, माझा पदर खोचलेला, हातात नळी, अंगण भिजलेलं. थोरल्या भावानं चपला न काढताच सुरुवात केली. नातेवाईक तोंडावर थुंकतायत म्हणाला. साहेबाच्या ऑफिसात मान खाली घालून बसावं लागतं म्हणाला. एवढी पैशाची भूक असेल तर आम्हाला सांगायचं होतंस, आम्ही टाकले असते तुकडे. धाकटा जरा नरम, तो म्हणाला, आक्का, आबांना फुकट ठेव नाहीतर माघारी पाठव, पण हे भाड्याचं थांबव. शेजारी आपापल्या नळ्या सोडून बघत होते. त्याच वेळी थोरला तो शब्द बोलला. कसाबीण. आणि वर म्हणाला, तू हक्क सोडून दिलेली बाई, आमच्या बापाच्या बाबतीत तुझा संबंधच काय.

मी नळी पिंपात सोडली. हात पुसले.

"मी हक्क सोडला होता," मी म्हटलं. "बाप नव्हता सोडला."

तेवढ्यात खोलीचं दार उघडून आबा बाहेर आले, हातात दळणाचा डबा. सगळं ऐकलेलं असणारच, दार काही लोखंडाचं नव्हतं. त्यांनी दाराला कुलूप लावलं, ओढून बघितलं, आणि दोन्ही लेकांच्या मधून वाट काढत गिरणीकडं निघून गेले. जाताना लेकांना एवढंच म्हणाले, भाड्याचं काय आसंल ते मालकिणीशी बोला, मला मधी घेऊ नका. भाऊ चहा न घेता गेले. मी कुणाला आग्रह केला नाही.

पुढं दिवस बरे गेले, आणि ज्याची मला सारखी धास्ती होती तेच झालं. आबा मोरीत घसरले. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, सळई घातली. डॉक्टर म्हणाले, वय आहे, पण उभे राहतील, फक्त माणसानं मनावर घेतलं पाहिजे. तिथंच घोडं अडलं. आबांनी मनावर घ्यायचं सोडलं. पहिले दोन-तीन दिवस बोलत होते. मग जेवणाचा डबा आला की नको म्हणू लागले. भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. व्यायाम शिकवणारी पोरगी यायची, पाय हलवा आजोबा म्हणायची, ते डोळे मिटून घ्यायचे. तिनं मला बाहेर बोलावून सांगितलं, असेच राहिले तर उठणार नाहीत, छातीत कफ भरेल.

दोन्ही भाऊ आले, भावजया आल्या. मोडलेल्या बापाला कोण नाही म्हणणार, चांगलंच झालं आले ते. पण कॉटच्या दोन्ही बाजूंना उभं राहून त्यांनी बोलणं काय काढावं, तर पाळीचं. आता लेकीकडं कसं शक्य आहे, मोरी, उंबरा, हिला मशीन सोडून बघायला जमणार आहे का. आता पाळी पंधरा-पंधरा दिवसांची करू, म्हणजे कुणा एकावर पडणार नाही. थोरली भावजय म्हणाली, गाडीनं नेणं-आणणं पायाला झेपणार नाही, त्यापेक्षा पुण्याजवळ वृद्धांचं एक केंद्र आहे, स्वच्छ आहे, नर्स असते. माणूस मधे पडलेला, आणि या चौघांचं त्याच्यावरून इकडून तिकडं चाललेलं. आबा भिंतीकडं बघत होते. पापणीही हलत नव्हती.

सगळे चहाला खाली गेले तेव्हा ते माझ्याशी बोलले. तोंड भिंतीकडंच.

"खोली दे कुनाला तरी. कालेज चालू व्हईल आता, पोरी येतील. रिकामी ठिवू नगंस."

किल्ली त्यांनी गळ्यातून काढून ठेवली होती. उशीशेजारी, माझ्या बाजूला. मी ती उचलली नाही. डबा तसाच घेऊन घरी आले. मला इतका राग आला होता की रिक्षातून उतरताना रिक्षावाल्याशी विनाकारण भांडले. भावांवर, भावजयांवर, त्या मोरीवर, आणि सगळ्यांत जास्त त्यांच्यावर. एवढ्या हट्टानं आलेला माणूस एवढ्या मुकाट्यानं चालला होता. रात्रभर मला त्यांना काय सांगावं ते सुचेना. तुम्ही माझ्याकडं या, मी तुमचं सगळं करते, असं म्हणावं? ते तर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. माया करायची सोय त्यांनी मला ठेवलीच नव्हती. ठेवली होती ती एकच वाट.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेले तेव्हा सगळे कॉटभोवती जमलेले. थोरला त्या केंद्राला फोन लावत होता. शेजारच्या कॉटवरचे पेशंट, त्यांची माणसं, सलाईन बदलणारी सिस्टर, वॉर्ड भरलेला. मी डबा स्टुलावर ठेवला, पदर खोचला आणि पाणी आल्यावर गल्लीत बोलते त्या आवाजात बोलले.

"आबा, पहिली तारीख होऊन गेली. भाडं राहिलंय तुमचं."

सिस्टरचा हात सलाईनवर थांबला. थोरल्या भावजयीनं कपाळावर हात मारून घेतला. शेजारच्या कॉटवरची म्हातारी म्हणाली, काय बया तरी, ही लेक हाय का कोण. थोरल्या भावानं कानाचा फोन खाली केला आणि माझ्या दंडाला धरून मला बाजूला ओढलं, तुला माणुसकी आहे का म्हणाला. मी दंड सोडवून घेतला आणि परत कॉटशी जाऊन उभी राहिले. सगळ्या वॉर्डाच्या शिव्या खाऊन मी उभी होते आणि आबा हलले नव्हते. ते ऐकूनही हलले नसते तर माझ्यापाशी दुसरं काहीच नव्हतं.

"खोली मी कुणालाही दिलेली नाही," मी म्हटलं. "सामान तुमचं आहे आत. कुलूप तुमचं आहे. मग भाडं कुणी द्यायचं?"

आबांनी मान वळवली. सावकाश, दुखत असणार. किती दिवसांनी मी त्यांचं तोंड समोरून बघत होते. दाढीचे खुंट वाढलेले, डोळे खोल गेलेले. त्या डोळ्यांनी त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग दोन्ही लेकांकडं, मग परत माझ्याकडं. कोपरावर जोर देऊन ते उठायला लागले. धाकटा आधार द्यायला वाकला तर त्याचा हात त्यांनी बाजूला केला.

"मागं लागू नगंस," म्हणाले. आवाज बसलेला, पण चिडका, भाडेकरूचा. "घरी आल्यावर देतो."

थोरल्यानं विचारलं, घरी म्हणजे कुठं, आबा?

आबा म्हणाले, व्यायामाच्या त्या पोरीला बोलवा.